काळीचे बारा लिटर

पहिल्याच दिवशी घुम्यानं माऊस उलटा धरला. तो हात उजवीकडे नेई आणि पडद्यावरचा बाण डावीकडे पळे. बराच वेळ त्यानं दातओठ खात ते सोसलं. शेवटी शेजारच्या खुर्चीवरच्या मधवाल्याला राहवलं नाही.

"अहो, याची शेपूट पुढे असते," तो म्हणाला आणि माऊस फिरवून त्याच्या हातात दिला. "गाईसारखी मागे नाही शोधायची."

वर्ग हसला. घुम्याही हसला, पण आवाज न करता. त्याचं सगळंच तसं. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जणू दात उपटायचा. लहानपणी आईनं वैतागून दिलेलं हे नाव पुढे गावानं उचललं आणि आता त्याला स्वतःलाही दुसरं नाव आठवायला क्षणभर लागे.

वर्ग शेतकी कार्यालयाच्या मागच्या खोलीत भरायचा. पूर्वी तिथं बियाण्याची पोती रचलेली असत. आता भिंतीला लागून टेबलं आणि जुने कॉम्प्युटर मांडले होते, पण गोणपाटाचा वास काही गेला नव्हता. शिकवणाऱ्या बाई एका कारखान्याच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेल्या. शिकणारे सगळे मातीतले: मधाच्या पेट्या ठेवणारा मधवाला, अळिंबी पिकवणाऱ्या दोघी जावा, गुलाबाची कलमं विकणारा एक उंच माणूस, आणि गाईंचा गोठा असलेला घुम्या.

त्याला काही ही हौस नव्हती. शहरातल्या एका दवाखान्याच्या स्वयंपाकघराला रोजचं दूध हवं होतं आणि ते त्याच्याकडून घ्यायला तयार होते. अट एकच. कोणत्या गाईनं किती दूध दिलं, तिला काय खाऊ घातलं, कोणतं औषध चाललं आहे, हे सगळं दर आठवड्याला शीटमध्ये भरून पाठवायचं. खरं तर हे काम बायकोचं. ती गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं आकडे टाकायची आणि बेरीज तोंडी करायची. पण बायको इथं नव्हती.

मागे गुरांमध्ये साथ आली तेव्हा त्यांचा अर्धा गोठा रिकामा झाला. उरलेल्या गाईंच्या जिवावर तो पुन्हा भरणं शक्य नव्हतं. बायको लग्नाआधी रुग्णसेवा शिकलेली होती. समुद्रापलीकडच्या एका देशात, एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीला सांभाळायचं काम तिला मिळालं. "पापणी लवेपर्यंत येते की नाही बघा," ती म्हणाली होती. घुम्या तेव्हाही काही बोलला नाही. त्यानं तिची पेटी दोरीनं बांधून दिली, दाव्याला मारतात तशी गाठ मारून. तिकडे पोचल्यावर ती गाठ कुणालाच सुटेना. म्हातारीच्या स्वयंपाकघरातली सुरी आणून कापावी लागली.

फोन रोज व्हायचा. बोलणं मात्र व्हायचं नाही.

"जेवलात?"

"हो. तू?"

"मघाशीच. आई?"

"त्याही जेवल्या."

पुढे दोघं एकमेकांचा श्वास ऐकत राहायची. सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. डोळे अधू झाले होते, पण जिभेची धार शाबूत होती. त्या आतल्या खोलीतून ओरडायच्या, "जावईबापू, पोटात काय गेलं तेवढंच विचारता होय? मनात काय आहे ते कोण विचारणार, शेजारी?" तो फोन सासूबाईंच्या हातात देऊन गोठ्यात निघून जायचा. गाईंना पाणी दाखवताना मग त्याला सुचायचं, आपण काय काय बोलू शकलो असतो. चांदी गाईनं पाणवठ्यावर केलेला धिंगाणा सांगता आला असता. तिच्या शालीला अजून तिचा वास आहे, हेही सांगता आलं असतं. पण तोवर तिकडे फोन ठेवलेला असायचा.

वर्गात तो सगळ्यात मागे होता. एका बोटानं अक्षर शोधायचा, जसं काही दाण्यांतून खडा वेचतोय. पण शीट त्याला आवडायला लागली. एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलते हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यानं तोच आकडा पुन्हा पुन्हा बदलून पाहिला. "खेळणं नाही ते," बाई म्हणाल्या, पण रागानं नव्हे. मधवाल्याकडे जुना लॅपटॉप पडून होता. त्याची दोन बटणं निखळली होती. घुम्यानं तो दुधाच्या बदल्यात घेतला आणि माजघरातल्या टेबलावर मांडला. गाईंना त्यानं ओळी दिल्या, ढवळी, काळी, बांडी, चांदी, आणि रकाने केले: सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, पेंड, हिरवा चारा, औषध.

एकदा बाईंनी शिकवलं, की एकच शीट दोन माणसांना दोन ठिकाणी उघडता येते. अळिंबीवाल्या जावांनी लगेच नाकं मुरडली. "एका चुलीवर जमत नाही, तिथं एका शीटवर कसं जमायचं?" घुम्या मात्र कान देऊन ऐकत होता. पेंडीच्या रकान्याबद्दल त्याला शंका होती. गाभण गाईला किती वाढवायची हे बायकोला तोंडपाठ. घरी येऊन त्यानं शीट तिच्याकडे पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुधाचे कॅन पोचवून परतला आणि लॅपटॉपपुढे बसला. तिकडे तेव्हा सकाळ असायची. म्हातारी आंघोळ करून खिडकीपाशी उन्हात बसली की बायकोला थोडी फुरसत मिळायची. तो चांदीच्या ओळीवर होता. तेवढ्यात ढवळीच्या ओळीवर एक हिरवी चौकट उमटली. वर कोपऱ्यात तिच्या नावाचं अक्षर. चौकट जरा थांबली आणि हळूहळू खाली सरकायला लागली. काळी. बांडी. मग ती चांदीपाशी आली, बरोबर त्याच्या चौकटीशेजारी, आणि तिथंच राहिली.

घुम्याचा हात माऊसवरून उठेना.

"आई," त्यानं हाक मारली. "जरा येता का?"

सासूबाई भिंतीला धरत आल्या. पडद्याला नाक लावून त्यांनी पाहिलं. "काय आहे?"

"ती आहे. ही बघा. ही हिरवी."

"ही? ही पोर माझी?" त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "काय करतेय ती?"

"काही नाही. थांबलीय."

सासूबाई काही वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बसायला सांगा तिला. तिकडे पाय दुखतात म्हणते."

तेवढ्यात चौकटीच्या बाजूला एक चिठ्ठीसारखा पिवळा तुकडा उघडला. त्यात लिहिलं होतं, "चांदीला पेंड इतकी कमी का? गाभण आहे ना ती."

घुम्यानं एका बोटानं लिहिलं, "खात नाही. तू गेल्यापासून तोंड फिरवते."

पलीकडून आलं, "गूळ कालवून द्या. आणि तिच्या कानामागे खाजवा. मी तसंच करायचे."

त्या दिवसापासून दुपार ही त्यांची झाली. आधी नुसत्या गाईंच्या गोष्टी. ढवळीची कास कडक लागतेय. बांडीनं दावं तोडलं. मग हळूहळू आकड्यांच्या आडोशाला दुसरंच काही यायला लागलं. औषधाच्या रकान्यात तिनं लिहिलं, "काल मला ताप होता. फोनवर सांगितलं नाही, आई घाबरते." हिरव्या चाऱ्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं, "बांधावरचं गवत तुझ्या कमरेएवढं झालंय." ती म्हातारीबद्दल लिहायची. म्हातारी तिला रोज नव्यानं नाव विचारते आणि रोज नव्यानं म्हणते, की छान आहे. जन्मभर जो माणूस "हं" आणि "बरं" यांवर निभावत आला, तो आता धार काढताना मनातल्या मनात वाक्यं जुळवायचा. कुठल्या गाईच्या ओळीवर काय ठेवायचं, ते ठरवायचा. आठवड्याच्या शेवटी दवाखान्याला पाठवायची शीट तो वेगळी करायचा, सगळ्या चिठ्ठ्या काढून. बाईंनी ती तपासून एकदा म्हटलं, "तुमची मांडणी वर्गात सगळ्यात नीटस झालीय." घुम्यानं ते बायकोला लिहून कळवलं. आकडे चुकू नयेत म्हणून त्यानं रंग दिले, रकाने आखले, बेरजा बसवल्या. बायकोनं लिहिलं, "छान. आता माझी गरजच उरली नाही की." त्याला वाटलं, थट्टा आहे. त्यानं उत्तरादाखल फक्त "हं" लिहिलं.

वर्ग संपत आला तेव्हा बाईंनी "असं झालं तर" हा धडा घेतला. एका पानावर पुढच्या वर्षाचा अंदाज मांडायचा. दुधाचा, चाऱ्याचा, मिळकतीचा. मग एकेक आकडा बदलून बघायचं, की असं झालं तर काय आणि तसं झालं तर काय. गुलाबवाल्यानं नवा मांडव घालून पाहिला. मधवाल्यानं पेट्या दुप्पट केल्या आणि खालचा आकडा पाहून खुर्चीवरच उडाला.

घुम्यानं पानाच्या वर लिहिलं, "ती परत आली तर".

तिच्याकडून येणारी रक्कम त्यानं काढून टाकली. खाली उणे आलं. पेंडीचा खर्च कमी करून पाहिला, उणेच. चारा सगळा घरचा धरला, उणेच. वर्गातले सगळे निघून गेले. बाई खिडक्या लावत होत्या. घुम्या पडद्याकडे बघत बसला. मग त्यानं काळीच्या ओळीवर जाऊन नऊच्या जागी बारा लिहिले. सगळं पान सरसर बदललं आणि तळाचा आकडा लालचा काळा झाला. ती येऊ शकत होती.

खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं ते पुसलं नाही. दारापाशी किल्ली घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "झालं का?" तो म्हणाला, "झालं."

ते पान त्याच शीटच्या पोटात होतं, त्यामुळे दुसऱ्या दुपारी हिरवी चौकट आली आणि सरळ तिथंच गेली. काळीच्या ओळीवर थांबली. चिठ्ठी उघडली.

"काळी बारा लिटर कधीपासून द्यायला लागली?"

आतून सासूबाई विचारत होत्या, की आज पोर काय म्हणते. घुम्यानं बोट बटणावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"तू आलीस तर देईल."

चौकट हलली नाही. मग नाहीशी झाली.

त्यानंतर कितीतरी दुपारी तो बसून राहिला आणि पडदा रिकामाच राहिला. फोनवर ती आईशी बोलायची आणि म्हातारीनं हाक मारली म्हणून ठेवून द्यायची. घुम्याचं कशात लक्ष लागेना. ढवळीच्या रकान्यात बांडीचं दूध जायला लागलं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून निरोप आला, की या आठवड्याचा हिशेब पुन्हा पाठवा. सासूबाई एके दिवशी त्याच्यासमोर येऊन बसल्या. "भांडलात का?"

"नाही."

"मग काय केलंत?"

त्यानं सांगितलं. सगळंच सांगितलं, काळीचंसुद्धा. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, गाईच्या नावानं बोलावता होय बायकोला? तुम्ही मुके की गाय मुकी?"

फोन आला तेव्हा तो गव्हाणीत वैरण टाकत होता. भरदुपारी, फोनच्या नेहमीच्या वेळेला नव्हे.

"ते बारा अजून तसेच आहेत," ती म्हणाली.

"हो."

"का पुसले नाहीत?"

घुम्यानं हातातली वैरण खाली टाकली.

"बोला ना. लिहिता तेव्हा किती छान लिहिता."

"पुसलं की खाली उणे येतं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "उणे आलं की तू येत नाहीस."

पलीकडे ती रडत होती की हसत होती ते त्याला कळेना. मग ती म्हणाली, "इथं मुदत वाढवायचा कागद आलाय. मी सही करणारच होते. तुमची ती शीट बघायची रोज. एकही चूक नाही, सगळं कसं रंगीत, टापटीप. वाटायचं, यांचं माझ्यावाचून मस्त चाललंय. जाताना तुम्ही जाऊ नको म्हणाला नाहीत. इतक्या दिवसांत एकदा ये म्हणाला नाहीत. मी काय समजायचं?"

शीटनं तिला जवळ आणलं असं तो समजत होता, आणि जितकी ती शीट नीटस होत गेली तितकी ती लांब गेली होती. हे त्याच्या ध्यानात आलं तसा तो वैरणीवरच बसला. चांदीनं वळून त्याच्या खांद्याला नाक लावलं.

"ये," तो म्हणाला.

"काय?"

"ये म्हणालो. काळी नऊच लिटर देते. तरी ये."

दुसऱ्या दुपारी दोघंही शीटवर होती. बारा आधी तिनंच पुसले. मग तिनं लिहिलं, "माझी ओळ कुठे आहे? मी आले की रक्कम गेली, हे तुम्ही बरोबर मांडलंत. पण मी आले की काय येतं, त्याला रकानाच नाही. मी काय नुसती खायला येणार?" तिनं स्वतःच ओळ घातली. मागच्या वर्षी तिच्या गैरहजेरीत दगावलेलं वासरू. ढवळीच्या कासेचं दुखणं वेळेवर न कळल्यानं वाया गेलेलं दूध. पूर्वी ती लावायची त्या दह्याची गिऱ्हाइकं, जी आता दुसरीकडे जात होती. उणे संपलं नाही, पण बरंच आकसलं. बांडी विकायची आणि नव्या गाई एवढ्यात आणायच्या नाहीत, असं ठरलं. म्हातारीच्या लेकीला दुसरं माणूस शोधायला वेळ हवा होता, तोवर ती थांबली. ते दिवस घुम्याला सगळ्यांत जड गेले. येणार नाही हे माहीत असताना माणूस कसातरी तग धरतो. येणार म्हटल्यावर एकेक संध्याकाळ सरता सरत नाही. तो रस्त्याकडचं कुंपण दुरुस्त करायचा, मग उगीच पुन्हा दुरुस्त करायचा.

ती एका दुपारी आली. सासूबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाल्या, "वाळलीस गं."

"जाड झालेय, आई."

"मग आतून वाळलीस."

पहिले काही दिवस घरात विचित्र गेले. दोघं एकमेकांना वाट देत, जसे पाहुणे देतात. ती सवयीनं हलक्या पावलांनी चालायची, कुणी झोपलेलं असावं तशी. समोरासमोर बसल्यावर घुम्याला पुन्हा शब्द सापडेनासे झाले, "जेवलीस?" एवढंच तोंडी यायचं, आणि ती तर त्याच्यासमोरच जेवत असायची. त्याला भीती वाटली, की जी रोज दुपारी शीटवर यायची ती तिकडेच राहिली.

एका संध्याकाळी दोघं धारा काढायला बसली होती, ती ढवळीखाली, तो शेजारी चांदीखाली, पाठीला पाठ लावून. चरव्यांमध्ये दुधाचा आवाज पडत होता. तिच्या चरवीतला आवाज मध्येच थांबला. तो वळला नाही. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला, पण मंद.

"तिची आठवण येते का?" त्यानं विचारलं. "म्हातारीची?"

ती म्हणाली, "आत्ता तिची जेवून खिडकीपाशी डुलकी घ्यायची वेळ आहे. नवीन बाई आहे, तिला माहीत नसेल. डाव्या गुडघ्यावर पांघरूण लागतं. मी लिहून ठेवलंय, पण ती वाचेल की नाही..." तिची धार पुन्हा थांबली. "निघताना तिनं मला नाव विचारलं. मी सांगितलं. म्हणाली, छान आहे. मी इतकी वाट बघत होते घरी यायची, आणि आता बघा माझं काय होतंय."

घुम्याच्या मनात आलं, वाईट वाटून घेऊ नकोस असं म्हणावं. पण ते त्याला खरं वाटलं नाही. इतके दिवस त्यानं स्वतः या खुंटाशी बसून समुद्रापलीकडचं कुणीतरी मनात धरलं होतं. तो त्यातला जाणता होता.

"खिडकीतून काय दिसायचं तिच्या?" त्यानं विचारलं.

"खिडकीतून?" तिनं नाक पुसलं. "एक झाड. आणि पलीकडे लाल छपराचं घर. त्या घरात एक माणूस रोज सायकल पुसायचा, चालवायचा मात्र कधीच नाही. आम्ही दोघी त्याला हसायचो..."

ती सांगत गेली. तिची पाठ बोलताना हलायची आणि त्याच्या पाठीला लागायची. चांदीची धार संपत आली होती, पण घुम्या उठला नाही. बोटं सैल करून, एकेक थेंब काढत, तो ऐकत राहिला.